एक थेंबही डिझेल नाही

तुमच्या घरच्या चकल्या तळून झाल्यावर कढईत उरलेलं तेल कुठं गेलं?

लाजू नका. हा दिवाळी अंक हातात आहे म्हणजे शेजारी फराळाची ताटली असणार, आणि ताटली आहे म्हणजे ते तेलही घरात कुठंतरी असणारच. बहुतेक घरांत ते ओट्याखाली स्टीलच्या डब्यात, पुढच्या भज्यांची वाट बघत बसतं. काही घरांत ते मोरीत जातं आणि महिन्याभरानं प्लंबर येतो. पण मला विचारायचंय ते पुढचं. तुम्ही ज्या दुकानातून शेव आणली, त्या दुकानातलं तेल कुठं गेलं? तिथं तर डबेच्या डबे उरतात. ते मोरीत जात नाहीत. ते विकले जातात. विकत घेणाऱ्यांत काही भले लोक असतात, साबणवाले वगैरे. पण एखादा असाही असतो जो ते काळं झालेलं तेल गाळून, उजळून, स्वस्तात दुसऱ्या कुणाच्या कढईत नेऊन ओततो. आणि त्या दुसऱ्या कढईतला आलूबोंडा मग शाळेसमोर, कोर्टासमोर, बसस्टँडवर तुमच्या-माझ्या पोटात जातो.

मीही वापरलेलं तेल घेणाऱ्यांपैकीच आहे. फक्त मी ते माझ्या टेम्पोच्या टाकीत ओतते.

माझं नाव क्रांती. ते ठेवणारे माझे बाबा नागपूरजवळ कोराडीच्या वीज केंद्रात पाळीवर काम करायचे आणि उरलेल्या वेळात युनियनची पत्रकं लिहायचे. क्वार्टरच्या गॅलरीत एका दोरीवर राखेनं करडे झालेले कपडे आणि दुसऱ्या दोरीवर ओल्या शाईची पत्रकं वाळत असायची. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. ‘बंधू-भगिनींनो’ हा मला न अडखळता वाचता आलेला पहिला मोठा शब्द. पत्रक लिहिण्याचा बाबांचा एकच नियम होता. ते म्हणायचे, “पत्रकात एक वाक्य खोटं असलं का बाकीची नऊ खरी वाक्यं त्याच्यासंग बुडतात.” हा नियम मी एकदा मोडला. त्याचीच ही गोष्ट आहे.

पण आधी धंदा सांगते, कारण लग्नकार्यात भेटलेले नातेवाईक अजूनही माझ्याकडे “म्हणजे नेमकं करतेस काय?” अशा नजरेनं बघतात.

माझा एक जुना डिझेल टेम्पो आहे, माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. त्यातून मी छोट्या खाद्यवाल्यांचा माल पोहोचवते: गृहउद्योगांचे पापड, खानावळींचे डबे, टपरीवाल्यांच्या आलूच्या गोण्या. परत येताना त्यांच्याकडचं तळून उरलेलं तेल घेते. त्याच तेलावर दुसऱ्या दिवशी टेम्पो चालतो. सहा वर्षं झाली.

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. आत हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापल्या हवेत इंधनाचा फवारा आला की तो पेटतो. फवारा डिझेलचा आहे की शेंगदाण्याच्या तेलाचा, हे इंजिन विचारत नाही. त्याला वावडं दोनच गोष्टींचं, पाण्याचं आणि घट्टपणाचं. खायचं तेल डिझेलपेक्षा घट्ट, थंडीत तर काकवीसारखं होतं, आणि फवारा मारणारी भोकं सुईच्या टोकाहून बारीक. म्हणून तेल गरम करून पातळ करावं लागतं. माझ्या टेम्पोला टाक्या दोन आहेत, छोटी डिझेलची आणि मोठी तेलाची. इंजिनातून तापून निघालेलं पाणी तांब्याच्या वेटोळ्यातून तेलाच्या टाकीत फिरतं आणि तेल तापवतं. दोन टाक्यांच्या मधे एक कॉक आहे. गाडी सुरू करायची डिझेलवर. इंजिन तापलं की कॉक तेलाकडे फिरवायचा. थांबायच्या चार-पाच मिनिटं आधी तो पुन्हा डिझेलकडे, म्हणजे नळ्या धुऊन निघतात आणि आत तेल थिजून राहत नाही.

ही सगळी जोडणी गजूभाऊंनी केली. गजूभाऊ म्हणजे कामठी रोडवरचे मेकॅनिक. त्यांनी हे सगळं एका वाक्यात शिकवलं. “सुरुवात डिझेलनं, शेवट डिझेलनं. मधात करजो तुई क्रांती.”

(नव्या गाड्यांचे पंप फार नाजूक असतात. हे वाचून कुणी घरच्या कारमध्ये कढई उपडी करू नये. गजूभाऊ मला शिव्या देतील.)

आता तेल. गच्चीवर माझी चार पिंपं आहेत. तेल त्यात पंधरा दिवस निवांत ठेवलं की बेसनाचा गाळ आणि पाणी खाली बसतं. उन्हाळ्यात हे काम फार लवकर होतं. मी एकदा बाबांना कौतुकानं म्हटलं, “नागपूरचं ऊन म्हंजे माया धंद्यातला बिनपगारी कामगार.” बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. “बिनपगारी कामगार हा शब्द ह्या घरात बोलाचा नाई.”

वरचं तेल काढून गाळायचं. मग शेवटची परीक्षा: तापलेल्या तव्यावर थेंब टाकायचा. गुपचूप पसरला तर तेल कोरडं. तडतडला तर आत पाणी आहे, पुन्हा तापवा. फोडणी देणारी कुठलीही बाई ही परीक्षा जन्मापासून जाणते. इंजिनिअर मंडळी मात्र मला यंत्र विकत घ्या म्हणतात.

तेल देणारे म्हणाल तर एकेक नमुना. एका सावजी भोजनालयाच्या आचाऱ्यानं मला मोठ्या प्रेमानं पाच लिटरचा डबा दिला. झाकण उघडलं तर लालभडक. “दादा, ही तर रश्शावरची तर्री हाय.” “मग? थेही तेलच हाय ना! तुई गाडी मर्दासारखी पळन.” ती मी घेतली नाही. माझ्यामागं येणाऱ्या स्कूटरवाल्यांच्या डोळ्यांचा विचार केला. धरमपेठेतल्या एका बाईंनी माझ्याबद्दल ऐकून पर्यावरणासाठी आपल्या घरचं तेल पाठवलं. दोन वाट्या. ते घेऊन त्यांचा ड्रायव्हर मोठ्या गाडीतून शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आला. मी आभार मानले. दुसरं काय करणार?

आणि चौकातल्या त्या हवालदारांना मी विसरूच शकत नाही. त्यांनी टेम्पो बाजूला घ्यायला लावला, मागं जाऊन ताडपत्री उचलून बघितली, परत आले.

“काय तळून राहिली वं गाडीत?”

“काही नाई साहेब. धूर हाय.”

“धुराले आलूबोंड्याचा वास?”

मी सगळं समजावून सांगितलं. कागद दाखवले, धुराचं प्रमाणपत्र दाखवलं. त्यांनी सगळं नीट वाचलं आणि कंटाळून म्हणाले, “जाय बाई. सकाळपासून काही खाल्लं नाई, आन् तू हे वास सोडून राहिली.”

आता लीलाबाई.

पाचपावलीत कोपऱ्यावर लीलाबाईंचा आलूबोंड्याचा ठेला आहे. त्यांच्या घरी दोन पिढ्या हातमाग होते. माग बंद पडले, नवरा वॉचमन झाला, आणि लीलाबाईंनी मागाच्या जागेवर शेगडी मांडली. त्यांच्या बोंड्याला कढीपत्ता आणि ठेचलेल्या धन्यांची जी चव आहे ती मी वर्णन करत बसत नाही. माझ्या तेलाची गाळणी त्यांचीच देणगी. मी बाजारातली फडकी वापरायचे, त्यातून बेसन निसटायचं. लीलाबाईंनी ते बघितलं, घरातून मागावरचं जुनं दाट विणीचं सुती कापड काढलं आणि मला तीन पिशव्या शिवून दिल्या. “ह्याच्यातून हवा बी विचारून जाते,” म्हणाल्या. खरंच, आजवर त्यातून कण निसटलेला नाही.

दसऱ्याला त्या माझ्या टेम्पोला हळदकुंकू लावतात आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. मी नास्तिकाची पोर, तोंड वाकडं करते. त्या म्हणतात, “तू नको मानू वं. गाडी मानते.”

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. लीलाबाई आपलं उरलेलं तेल मला द्यायच्या, पण तळायला लागणारं तेल एका दलालाकडून घ्यायच्या. तेच, उजळलेलं, एकदा कुणाच्या तरी कढईतून उतरलेलं. बाबांसारखी मीही पत्रकं लिहिते, ती त्यांना वाचून दाखवली. असं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की पोटाला आणि काळजाला काय करतं ते सांगितलं.

“मले समजते वं,” त्या म्हणाल्या. “मी काय आंधळी हाय? पण ठेल्यावर रोज ताजं तेल नाई परवडत. दलाल म्हणते तेल साफ हाय, तू म्हणते खराब हाय. तुमी दोघंही चांगलं बोलता. मी कोनाचं धरू?”

शेवटी मार्ग बाबांनी काढला. कोराडीच्या कॉलनीत निवृत्त कामगारांचा मेळावा होता, डिसेंबरात. चारशे लोकांचा नाश्ता. बाबांनी आपल्या शब्दावर ते काम लीलाबाईंना मिळवून दिलं. अट एकच होती, तेल ताजं पाहिजे. लीलाबाईंना आयुष्यात मिळालेलं ते पहिलं मोठं काम. त्या मला म्हणाल्या, “हे नीट झालं ना, आन् अशी कामं येत राहिली, तं ठेल्यावर बी मी ताजंच तेल वापरीन. दलालाले दारातून वापस करीन. पण माल टायमावर पोचला पाह्यजे. थे लोकं भोंग्यावर जगलेले लोकं हायेत.”

नाश्ता साडेआठला. पोहोचवणार मी.

इथवर सगळं चांगलं होतं. मग मी पत्रक लिहिलं.

बोंड्यांबरोबर वाटायला म्हणून लिहिलं. काळ्या तेलाच्या धंद्याबद्दल, टपरीवाल्यांच्या अडचणीबद्दल, गिऱ्हाइकानं प्रश्न विचारण्याबद्दल. चांगलं उतरलं होतं. आणि मधेच, जोशात, एक वाक्य: ‘बंधू-भगिनींनो, तुमचा हा नाश्ता घेऊन आलेली गाडी एक थेंबही डिझेल न घेता इथवर आली आहे.’

चारशे प्रती छापून आणल्यावर बाबांनी वाचलं.

“एक थेंबही नाई? सुरू कायच्यानं करते मग?”

“बाबा, थे दोन मिनिटांचं डिझेल. थे काय मोजायचं?”

“मी काही म्हणून नाई राहिलो,” बाबा म्हणाले आणि पत्रक घडी करून माझ्या हातात दिलं. हे त्यांचं सगळ्यात वाईट बोलणं. ते ओरडले असते तर मी भांडले असते.

रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं. शहाण्या माणसानं पेन घेऊन खोडलं असतं. मी ठरवलं, वाक्य बदलायचं नाही, गाडी बदलायची. पहाटे उठून मी डिझेलची टाकी रिकामी केली. थेंबही ठेवला नाही, म्हणजे मोह नको. तेल गॅसवर चांगलं तापवून टाकीत ओतलं. आदल्या संध्याकाळी लीलाबाईंनी खास या फेरीसाठी म्हणून दिलेलं तेलही त्यात होतं. ते निवळायला पंधरा दिवस नव्हते म्हणून नुसतं गरम गरम गाळलं, तेव्हा सोन्यासारखं दिसत होतं. टेम्पो दोनदा खोकला, पांढरा धूर सोडला आणि सुरू झाला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

पाचपावलीत माल चढला. बोंड्यांचे टोपले, वर पांढरी फडकी, चटणीची दोन मोठी पातेली. लीलाबाई नवी साडी नेसून पुढं माझ्या शेजारी बसल्या, मांडीवर पत्रकांचा गठ्ठा. साडेसात वाजले होते. हवेत धुकं आणि असा गारठा की बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

मानकापूरच्या पुढं गेल्यावर मागून खडखडाट. चटणीच्या पातेल्याचं झाकण सुटलं होतं. मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं, कारण ‘उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवू नका’ हे माझंच एक जुनं पत्रक. लीलाबाईंनी झाकण सुतळीनं बांधलं. गाठी त्यांच्या विणकराच्या, सावकाश आणि पक्क्या. दहा मिनिटं गेली.

गाडी सुरू होईना.

पुन्हा किल्ली फिरवली. घर्र, घर्र, आणि शांत. मी खाली वाकून फिल्टरची काचेची वाटी बघितली. आत पांढरं, थिजलेलं, वरणावर घातलेलं तूप गार झाल्यावर दिसतं तसं. तेल इतक्यात इतकं पांढरं होत नाही. मला काही समजेना.

लीलाबाई माझ्या खांद्यावरून वाकल्या.

“हे तं वनस्पती तूप हाय,” त्या हळूच म्हणाल्या.

“वनस्पती कुठून आलं?”

“मी टाकलं.”

“काय?”

“किलोभर. गरम करून मिसळलं.” त्यांचा चेहरा कसनुसा झाला. “एवढ्या मोठ्या कामाले गाडी जाऊन राहिली. तिले नुसतं उरलंसुरलं कसं द्यावं वं? आमच्यात कोणालेच नुसतं उरलेलं वाढत नाई. वरून काहीतरी ताजं टाकतेच.”

मी ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. गरम तेलात ते वितळून कापडातून पार झालं आणि गारठ्यात नळीत जाऊन बसलं, एवढं सरळ होतं. पण त्याच क्षणी मला आठवलं, हे झालं तरी एरवी काही बिघडलं नसतं. कॉक फिरवायचा, डिझेलवर सुरू करायची, इंजिन तापलं की तूपही वितळलं असतं. याच्यासाठीच तर गजूभाऊंनी दुसरी टाकी बसवली होती.

“मग लाव ना थे डिझेलवालं,” लीलाबाई म्हणाल्या. त्यांना माझी गाडी माझ्याइतकीच पाठ आहे.

“टाकी रिकामी हाय.”

“काहून?”

मी सीटवर ठेवलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं.

लीलाबाईंनी पत्रक उचललं, डोळ्यांजवळ धरून ते वाक्य वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. “म्हंजे ह्या कागदासाठी तू माये चारशे बोंडे रस्त्यावर उभे केले?”

सहा वर्षांत मला पुष्कळ लोकांनी वेडी म्हटलं आहे. त्याचा मला अभिमानच वाटत आला. या वेळी मात्र मी तो गठ्ठा सीटखाली सरकवला.

आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. जवळच चहाची टपरी होती. टपरीवाल्याकडून उकळतं पाणी आणलं, फिल्टरला आणि नळ्यांना चिंध्या गुंडाळल्या, त्यावर पाणी ओतत राहिलो. पण नळ्या मोकळ्या झाल्या तरी सुरू करायला पातळ इंधन हवं. पेट्रोलपंप बराच मागं राहिला होता. मी रस्त्याच्या मधे जाऊन हात केला. थांबला तो कोळशाचा ट्रक. खापरखेड्याच्या वीज केंद्राला निघालेला.

ड्रायव्हर खाली उतरला, आधी वास घेतला, मग टाकी बघितली. “दीदी, डीझल की गाडी में डीझलच नहीं?”

“इसका उसूल है भैया,” लीलाबाई म्हणाल्या.

“उसूल से गाडी नहीं चलती,” तो गंभीरपणे म्हणाला. “मैंने करके देखा है.”

ट्रक त्याचा स्वतःचा होता. नळी लावून त्यानं कॅनमध्ये दोन लिटर काढून दिलं. पैसे घेईना. लीलाबाईंनी वरच्या टोपल्यातून चार बोंडे कागदात गुंडाळले. मोजदादीत नसलेले बोंडे प्रत्येक टोपल्यात असतात, तो त्यांचा रिवाज आहे. कोळशाच्या ट्रकाच्या डिझेलवर माझी क्रांती पुन्हा उभी राहायची होती. मी तिथल्या तिथे हसायला लागले, आणि मग लीलाबाईही. नळीतली हवा काढायला इंजिनापाशी असलेला छोटा हातपंप मारावा लागतो. नव्या साडीचा पदर खोचून तो लीलाबाईंनी मारला. “मागाचा हात हाय,” म्हणाल्या. तिसऱ्या किल्लीला टेम्पो उठला.

कॉलनीत पोहोचलो तेव्हा नऊ वाजायला पाच कमी होते. भोंग्यावर जगलेले चारशे लोक. मांडवातून लाऊडस्पीकरचा आवाज येत होता, बाबांचा. बाबा स्वागताचं भाषण करत होते. पाच मिनिटांचं भाषण होतं ते. साडेआठला सुरू केलेलं. बाबा आता एका जुन्या संपाचा तिसरा दिवस सांगत होते, आणि त्यांची नजर फाटकाकडे होती. टेम्पो दिसताच ते वाक्य अर्धवट सोडून म्हणाले, “असो. नाश्ता आला.” त्या दिवशी त्यांना जितक्या टाळ्या मिळाल्या तितक्या संपातही मिळाल्या नसतील.

बोंडे गरम नव्हते, कोमट होते. गेले मात्र सगळे.

पत्रकांचं काय करायचं? गठ्ठा परत नेता आला असता. पण बाकीची वाक्यं खरी होती, आणि ती बुडू द्यायची नव्हती. मी पत्रकं वाटली आणि माइक मागून घेतला. “ह्या पत्रकात लिहिलंय का गाडी एक थेंबही डिझेल न घेता आली,” मी म्हटलं. “थे खोटं हाय. मानकापूरच्या पुढं गाडी बंद पडली. कोळशाच्या ट्रकवाल्यानं डिझेल दिलं म्हणून तुम्हाले नाश्ता भेटला. चूक माई होती. कृपा करून थे वाक्य खोडा.”

मागच्या रांगेतून एक म्हातारा आवाज आला, “पेन काढा गा सगळे!” बाबांच्या पिढीत खिशाला पेन नसलेला माणूस नव्हता. चारशे लोक मांडीवर कागद ठेवून एक ओळ खोडत होते. त्यातल्या एका काकांनी खोडलेल्या ओळीवर बारीक अक्षरात लिहिलं, ‘फक्त दोन लिटर’, आणि शेजाऱ्याला दाखवलं. शेजाऱ्यानं ते उतरवून घेतलं. मी मांडवाच्या टोकाशी पोहोचले तोवर निम्म्या प्रतींवर ते आलं होतं. बाबा माझ्याजवळ आले, एक प्रत घडी करून खिशात ठेवली, आणि काही बोलले नाहीत. या वेळचं न बोलणं चांगलं होतं.

लीलाबाईंना त्या दिवशी मांडवातच पुढच्या दोन कार्यक्रमांची कामं सांगितली गेली. परत येताना, डिझेलवर सुरू केलेल्या आणि योग्य वेळी तेलावर घेतलेल्या टेम्पोत त्या म्हणाल्या, “दोन वर्षं झाली, दलाल मले रोज सांगते, तेल चांगलं हाय. एक दिवस बी नाई म्हणाला का बाई, आजचा डबा जरा खराब हाय. तू एवढ्या लोकांसमोर म्हणाली, माई चूक झाली. समजलं मले कोनाचं धरायचं.”

दुसऱ्या दिवशी दलालाचा डबा त्यांच्या दारातून परत गेला. आज त्यांच्या ठेल्यावर ताजं तेल असतं. दोनदा तळून झालं की ते माझ्या पिंपात येतं. वनस्पती न घालता. टेम्पोचा मान राखायचाच असेल तर दसऱ्याला हळदकुंकू पुरे, असा आमचा तह झाला आहे. तोंडही मी आता फारसं वाकडं करत नाही.

खंत आहेच. त्याच गल्लीतल्या दोन टपऱ्यांवर तो दलाल अजून जातो, आणि त्यांना द्यायला माझ्याकडे चारशेचा मेळावा नाही. माझा टेम्पो आणखी किती वर्षं ओढेल हे गजूभाऊही सांगत नाहीत, नुसते बॉनेटवर हात फिरवतात. एका टेम्पोनं नागपूरची हवा सुधारत नाही, हेही मला आता पत्रकात लिहिता येतं.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. अंक खाली ठेवला की स्वयंपाकघरात जा. कढईतलं तेल पूर्ण गार होऊ द्या, दाट कापडातून गाळा, कोरड्या बाटलीत भरून ठेवा. कढई विसळलेलं पाणी त्यात नको, आणि मानपान म्हणून वरून ताजं काही तर मुळीच नको. तुमच्या गावात वापरलेलं तेल गोळा करणारं कुणी असेल तर शोधा आणि त्याला द्या.

आणि उद्या, ज्या दुकानातून शेव आणली तिथं पुन्हा जा. गिऱ्हाइकांची गर्दी असताना जा. काउंटरवर उभं राहून, हसत, सगळ्यांना ऐकू येईल असं विचारा: “भाऊ, हे तेल संध्याकाळी कुठं जातं?” खरं उत्तर मिळालं तर त्यांचे आभार माना आणि अर्धा किलो जास्त घ्या. उत्तर टाळलं तर आणखी एकदा विचारा.